शिक्का सरकारी शाळेचा, शिकवण धर्मसंस्थेची

(स्त्री-कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



आजचा विषय पहिल्यांदा ऐकताना तुम्हाला दूरचा वाटेल. अमेरिकेतल्या सरकारी शाळांमध्ये मुलांना शाळेच्या वेळात, शाळेच्या इमारतीबाहेर जाऊन धर्मशिक्षण घेण्याची मुभा आहे. काही राज्यं त्याच्याही पुढे गेली आहेत. तिथे त्या धर्मशिक्षणाबद्दल शाळा क्रेडिट देते, म्हणजे आपल्याकडेही आता रुळू लागलेला श्रेयांक. नववी ते बारावीच्या मुलांना शाळा पूर्ण करायला ठरावीक श्रेयांक जमवावे लागतात. त्यातले एकदोन चर्चमध्ये बसून मिळवता येतात, आणि तिथले गुण शाळेच्या गुणपत्रिकेत धरले जातात.

समाजकार्यात एम.ए. केल्यावर मी काही वर्षं ओहायो राज्यातल्या एका सरकारी हायस्कुलात काम केलं. वादविवाद बहुतेक वकील आणि धर्मगुरू यांच्यात चालतो. त्यात मुलीचा, तिच्या आईचा आणि तिला शिकवणाऱ्या बाईचा विचार क्वचितच येतो. म्हणून आपल्या व्यासपीठावर तो मांडावा असं वाटलं.

आधी थोडा इतिहास. या पद्धतीला तिथे 'रिलीज्ड टाइम' म्हणतात. आपण 'सवलतीचा तास' म्हणू. १९१४ साली इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या गावी, विल्यम वर्ट शिक्षणप्रमुख असताना, मुलांना शाळेच्या वेळात आपापल्या चर्चमध्ये पाठवायला सुरुवात झाली. कल्पना पसरली आणि पुढे काही ठिकाणी धर्मशिक्षकच शाळेच्या वर्गात येऊन शिकवू लागले.

इलिनॉय राज्यातल्या शॅम्पेन गावात असंच चाले. आईवडिलांनी चिठ्ठी दिलेली मुलं वर्गात बसत. न दिलेल्यांना उठून दुसरीकडे जावं लागे. व्हाश्ती मॅक्कोलम या बाईंनी आपल्या मुलाला धर्मवर्गात घालायचं नाकारलं. मुलाला एकट्याला वर्गाबाहेर बसवलं जाऊ लागलं, इतर मुलं त्याला चिडवू लागली, मारू लागली. बाई कोर्टात गेल्या. त्यांची विद्यापीठातली शारीरिक शिक्षणाची नोकरी गेली, घरावर भाजीपाला फेकला गेला, शिव्याशापांची पत्रं आली. जिल्हा न्यायालयात हरल्या, राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात हरल्या. शेवटी मार्च १९४८ मध्ये देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध एक अशा मतांनी त्यांच्या बाजूनं निकाल दिला. सक्तीच्या शिक्षणाच्या यंत्रणेनं जमवलेली मुलं सरकारी इमारतीत धर्मसंस्थेच्या हाती देता येणार नाहीत, असं न्यायालयानं ठरवलं. या बाईंचं नावही लक्षात ठेवण्यासारखं आहे. बायबलमध्ये वश्ती नावाची राणी आहे. राजानं भर मेजवानीत आपलं रूप दाखवायला बोलावलं, तेव्हा ती गेली नाही.

चार वर्षांनी, १९५२ मध्ये, न्यूयॉर्कचं प्रकरण आलं. तिथे वर्ग शाळेबाहेर भरत, शाळेचा पैसा लागत नसे. सहा विरुद्ध तीन मतांनी न्यायालयानं ही पद्धत मान्य केली. शाळा फक्त आपलं वेळापत्रक जुळवून घेते, असं बहुमताचं म्हणणं. न्यायमूर्ती जॅक्सन यांनी मात्र भिन्नमतात शाळेला चर्चला न जाणाऱ्या मुलाच्या तात्पुरत्या तुरुंगाची उपमा दिली. तेव्हापासून कायदा इथेच आहे: इमारतीबाहेर, पालकांच्या लेखी संमतीनं, सरकारी पैशाशिवाय, तास देता येतो.

इथवर प्रश्न सवलतीचा होता. श्रेयांक आला आणि त्याचं स्वरूप बदललं. आपल्याकडेही पूजेसाठी किंवा ईदसाठी बाईंना सांगून मूल घरी नेतात. शिक्षिका म्हणते, जा. उद्या ती म्हणाली की पूजेत काय शिकलास ते लिहून आण, मी त्याचे गुण वार्षिक परीक्षेत धरते, तर आपण दचकू. पहिल्या वेळी ती बाजूला झाली होती. दुसऱ्या वेळी तिनं त्यावर शाळेचा शिक्का मारला.

युटा राज्यात मॉर्मन पंथाचं प्राबल्य आहे. १९१२ मध्ये सॉल्ट लेक सिटीतल्या ग्रॅनाइट हायस्कूलशेजारी या पंथानं पहिली 'सेमिनरी', म्हणजे धर्मवर्गाची इमारत, उभी केली. पुढे राज्यभर हायस्कुलांना लागून अशा इमारती झाल्या. लोगन गावच्या शाळेत बायबलच्या जुन्या आणि नव्या कराराच्या तासांना श्रेयांक मिळत असे. अट अशी की शिकवणं मुख्यतः पंथीय नसावं. १९८१ मध्ये अपील न्यायालय म्हणालं की तास बाहेर भरवा, हरकत नाही. पण शिकवणं कितपत पंथीय आहे हे सरकारी अधिकाऱ्यानं तपासत बसणं म्हणजे सरकारनं धर्मात हात घालणं. म्हणून त्या रीतीनं दिलेला श्रेयांक रद्द झाला. पण त्याच निकालात एक वाट मोकळी राहिली. सरकारनं फक्त तास किती आणि शिक्षकाची पात्रता काय एवढंच पाहिलं, तर श्रेयांक देता येईल, असं न्यायालयानं सुचवलं.

त्या वाटेनं साउथ कॅरोलायना राज्य गेलं. २००६ च्या कायद्यानं तिथे धर्मवर्गासाठी दोनपर्यंत ऐच्छिक श्रेयांक देण्याची मुभा दिली. स्पार्टनबर्गच्या एका शाळा-मंडळानं ती वापरली. धर्मवर्ग चालवणाऱ्या ख्रिस्ती संस्थेनं एका मान्यताप्राप्त खासगी ख्रिस्ती शाळेशी बोलणी केली. श्रेयांक त्या खासगी शाळेनं द्यायचा आणि सरकारी शाळेनं, एखादं मूल बदली होऊन आल्यावर करतात तसा, तो आपल्या दप्तरी उतरवून घ्यायचा. काही पालक कोर्टात गेले आणि २०१२ मध्ये अपील न्यायालयात हरले. ओहायोनं २०१४ मध्ये असाच कायदा केला, तोही दोन श्रेयांकांपर्यंत. २०१९ मध्ये अलाबामानंही केला. ओहायोत असा तास द्यायचा की नाही हे आधी प्रत्येक शाळा-मंडळ ठरवत असे. कोलंबसजवळच्या वेस्टरव्हिलनं २०२४ मध्ये तो बंदही केला होता. जानेवारी २०२५ मध्ये सही झालेल्या कायद्यानं तास देण्याचं धोरण करणं सगळ्या मंडळांवर बंधनकारक केलं. श्रेयांक देणं मात्र अजून मंडळाच्या मर्जीवर आहे.

आता ओहायोच्या कायद्यातलं मर्म सांगते. श्रेयांक द्यायचा की नाही हे ठरवताना शाळेनं तास किती झाले, अभ्यासक्रमाची रूपरेषा काय, मूल्यमापन कसं होतं, शिक्षकाकडे परवाना आहे का, असल्या गोष्टी पाहायच्या. धार्मिक आशयाची किंवा पंथाची कसोटी लावायची नाही. ऐकायला हे निःपक्षपाती आहे. सरकारनं हा धर्म चांगला, तो वाईट, असं ठरवू नये, हे मलाही मान्य आहे. पण त्याचा दुसरा अर्थ काय होतो? शिकवण बघायची नाही, आणि गुण मात्र स्वीकारायचे. आपण बायकांनी इथे थांबून विचार करायला हवा.

पहिला प्रश्न, काय शिकवतात? अमेरिकेतला सर्वांत मोठा प्रॉटेस्टंट पंथ म्हणजे सदर्न बॅप्टिस्ट. १९९८ मध्ये त्यांनी आपल्या श्रद्धापत्रात कुटुंबावर एक कलम घातलं. पत्नीनं पतीच्या नेतृत्वाला राजीखुशीनं अधीन राहावं, असा त्याचा आशय. २००० मध्ये पाळकाचं पद फक्त पुरुषांसाठी, हेही नोंदवलं. उलट एपिस्कोपल चर्चनं १९७६ मध्येच स्त्रियांना धर्मगुरू करायचं ठरवलं. म्हणजे सगळ्या चर्चना एका मापानं मोजणं अन्यायाचं आहे. पण नेमकी हीच निवड शाळेला करता येत नाही. दोन्हीकडचे तास सारखे भरले तर दोन्हीकडचा श्रेयांक सारखाच. उद्या मुख्याध्यापिका म्हणाली की बाईच्या दुय्यमपणाला मी गुण देणार नाही, तर तिनं धार्मिक आशयाची कसोटी लावली असं होईल.

माझ्या कामातली एक घटना सांगते. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. सोळा वर्षांची एक मुलगी गुणाबद्दल तक्रार घेऊन माझ्याकडे आली. बाहेरच्या धर्मवर्गात 'विवाह' या पाठावर निबंध होता. तिनं लिहिलं होतं की आईला सावत्र बाप मारायचा, आईनं घर सोडलं, आणि मला वाटतं देवाला ते आवडलं असेल. शिक्षकांनी लाल शाईनं लिहिलं होतं, उत्तर पाठाला धरून नाही, आणि गुण कापले होते. तो गुण तिच्या सरासरीत गेला. कॉलेजची शिष्यवृत्ती सरासरीवर मिळते, आणि त्या मुलीला शिष्यवृत्तीशिवाय कॉलेज नव्हतं.

गणिताच्या किंवा इतिहासाच्या शिक्षकानं असं केलं असतं तर वाट ठरलेली होती: आधी शिक्षक, मग मुख्याध्यापक, मग शाळा-मंडळाची जाहीर सभा. तिथे कुठलाही नागरिक उभा राहून विचारू शकतो. मी कार्यालयात गेले. मला सांगितलं, हा गुण आमचा नाही, आम्ही फक्त नोंदवतो. धर्मवर्गात काय शिकवलं यावर आम्ही बोललो तर कायदा मोडेल. हे सांगणाऱ्या बाई वाईट नव्हत्या आणि त्यांचं म्हणणंही चुकीचं नव्हतं. गुणपत्रिकेवर नाव शाळेचं, पण त्या गुणाचं उत्तरदायित्व शाळेचं नाही. मुलीनं दाद मागायची ती त्याच शिक्षकांकडे. ती गेली नाही.

दुसरा प्रश्न, शिकवतं कोण? अमेरिकेत सरकारी शाळेतल्या शिक्षिकांनी आपले हक्क लढून मिळवले आहेत. क्लीव्हलंडच्या शाळा-मंडळाचा नियम होता की गरोदर शिक्षिकेनं बाळंतपणाच्या पाच महिने आधीच सक्तीची, बिनपगारी रजा घ्यावी. सर्वोच्च न्यायालयानं १९७४ मध्ये तो रद्द केला. धर्मसंस्थेच्या वर्गात मात्र हे संरक्षण पोचेलच असं नाही. मॉर्मन सेमिनरीत पूर्णवेळ शिकवणाऱ्या बाईला मूल झालं की नोकरी सोडावी लागे. घरात लहान मुलं असलेल्या आयांना पूर्णवेळ शिकवता येईल, असं धोरण त्या पंथानं २०१४ मध्ये केलं. तेही धर्मसंस्थेच्या स्वतःच्या निर्णयानं आलं, कायद्याच्या धाकानं नव्हे. २०१२ आणि २०२० च्या निकालांत सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की धर्म शिकवणं हे ज्यांच्या कामाचं महत्त्वाचं अंग आहे, त्यांना नोकरीतल्या भेदभावाविरुद्ध धर्मसंस्थेला कोर्टात खेचता येणार नाही. २०२० च्या निकालामागे कॅथलिक शाळांतल्या दोन शिक्षिका होत्या. एकीची तक्रार वयाबद्दलची होती. दुसरीला स्तनाचा कर्करोग झाला होता. उपचारासाठी रजा लागेल हे कळवल्यावर तिचा करार वाढवला गेला नाही. निकाल लागण्यापूर्वीच, २०१९ मध्ये, ती वारली.

मुलींचंही तसंच. शिक्षणात लिंगभेद नको, असा १९७२ चा कायदा आहे, ज्याला 'टायटल नाइन' म्हणतात. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना तो लागू होतो, आणि त्यातही धर्मसंस्थेच्या ताब्यातल्या संस्थांना, धर्मतत्त्वाशी विसंगत असेल तिथे, सूट आहे. म्हणजे मुलगी शाळेच्या दारातून बाहेर पडून धर्मवर्गात शिरते, तेव्हा तिच्या पाठीशी असलेला हा कायदा बहुधा दारातच थांबतो. तास संपल्यावर गुण मात्र दारातून आत येतो.

तिसरा प्रश्न, संमती कुणाची? अर्जावर पालकांच्या सहीची जागा असते. सोळा-सतरा वर्षांच्या मुलीच्या सहीची नसते. घरगुती हिंसेचं काम केलेल्या आपल्याला ठाऊक आहे की 'पालक' हा शब्द किती गोष्टी झाकतो. घरात सही कुणाची चालते? आणि जायचं नसलेल्या मुलीनं 'नाही' कुणाला सांगायचं?

आता दुसरी बाजू. माझ्या ओळखीच्या एक बाई होत्या. एकट्या, दोन पाळ्यांत काम करणाऱ्या. चर्चमधल्या बायका त्यांच्याकडे डबा पोचवत, मुलीला घरी सोडत, भाडं थकलं तेव्हा वर्गणी काढत. शासनाच्या कुठल्या योजनेनं तेवढं केलं नव्हतं. आपल्या मुलीनं तिथे शिकावं असं त्यांना वाटलं तर त्यात मला गैर दिसत नाही. धर्म मानणाऱ्या बायकांना अडाणी समजण्याची चूक आपल्या चळवळीनं पूर्वी केली आहे, ती पुन्हा नको. श्रेयांकाचे समर्थकही एक वाजवी मुद्दा मांडतात. श्रेयांक न देता तास दिला तर धार्मिक मूल मागे पडतं, दुसरं मूल त्या वेळात चित्रकलेचा श्रेयांक कमावतं, मग धार्मिक मुलालाच दंड का? याला माझं उत्तर असं की युटामध्ये शाळेच्या श्रेयांकाविनाही असंख्य मुलं सेमिनरीला जात आली आहेत. वेळ कुटुंबाचा आहे, त्यांनी तो हवा तसा वापरावा. गुणपत्रिका मात्र सगळ्या समाजाची आहे. कॉलेज ती पाहून प्रवेश देतं, आणि ती काय सांगते याची हमी शाळेनं द्यायची असते. जे तपासता येत नाही, त्याची हमी कशी देणार?

आपल्या मराठी लोकांबद्दलही बोलते, कारण ते या गोष्टीपासून दूर नाहीत. ओहायोत मराठी कुटुंबं पुष्कळ आहेत. मुलाच्या शाळेतून असा कागद आला की मंडळाच्या कार्यक्रमात चर्चा होई. पहिला प्रश्न ठरलेला: "मार्क चांगले देतात का?" आपला स्वभावच तो! एक बाई म्हणाल्या, "सोपे मार्क असतील तर बायबल वाचायला काय हरकत आहे? ज्ञानच आहे." दुसऱ्या एकींनी विचारलं, "मग आपल्या बालसंस्कार वर्गाला का नाही मिळत क्रेडिट? आपणही मागू या की." कायदा कुठल्या एका धर्माचं नाव घेत नाही, त्यामुळे मागता येईलही. परवानाधारक शिक्षक, तितके तास, रूपरेषा, मुलांना न्यायला गाडी, जबाबदारीचा खर्च, एवढं जमवावं लागेल. मोठ्या चर्चला ते सहज जमतं. चार कुटुंबांच्या मशिदीला किंवा देवळाला अवघड जातं. समान कायद्याखाली सोय बहुसंख्यांचीच होते ती अशी.

पण मी त्या बाईंना वेगळंच विचारलं. समजा, मिळाला श्रेयांक. आपल्या वर्गात मुलींना काय सांगणार? पाळीच्या दिवसांत देवघरात जायचं नाही, हे सांगणार? पतिव्रता कुणाला म्हणायचं, त्याची प्रश्नोत्तरं घेणार? आणि तुमच्या मुलीनं उत्तरपत्रिकेत लिहिलं की मला हे पटत नाही, तर गुण किती देणार? त्या हसल्या, मग गप्प झाल्या. म्हणाल्या, "आमच्या सासूबाई पेपर तपासतील तर नापासच." घरच्या संस्कारांशी मुलगी घरात भांडू शकते, आजीशी हुज्जत घालू शकते, मोठी झाल्यावर सोडूनही देऊ शकते. त्या संस्कारांचे गुण शासकीय कागदावर चढले की तिचं न पटणं हे नापास होणं ठरतं. हे चर्चला लागू आहे, तसं आपल्या देवघरालाही आहे.

आपल्या राज्यघटनेच्या अठ्ठाविसाव्या अनुच्छेदानं, संपूर्णपणे शासनाच्या पैशावर चालणाऱ्या शिक्षणसंस्थांत धर्मशिक्षण देता येणार नाही, असं स्पष्ट म्हटलं आहे. शासनमान्य किंवा अनुदानित संस्थेत ते दिलं जात असेल, तर तिथेही कुणावर सक्ती करता येत नाही. मूल अज्ञान असेल तर पालकाची संमती लागते. म्हणजे मुलीच्या सहीची जागा आपल्याकडेही नाही. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यानं शालेय शिक्षणही श्रेयांकांत मोजण्याची चौकट आखली. तो आराखडा धर्मशिक्षणासाठी नाही. पण शाळेबाहेरचं शिकणं श्रेयांकांत मोजायची सवय लागली की, कुणी, कुठे, काय शिकवलेलं मोजायचं, हा प्रश्न आपल्या दारातही येऊन उभा राहतो. तो आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीच आपली भूमिका ठरलेली बरी.

माझी भूमिका थोडक्यात अशी. धर्म शिकायला जाणाऱ्या मुलीला कुणी अडवू नये. न जाणारीला शाळेत नुसतं बसवून ठेवू नये, त्या वेळात तिला खरा तास मिळावा. शाळेच्या वेळात मुलांना नेणाऱ्या प्रत्येक प्रौढ माणसाची पार्श्वभूमी तपासली जावी आणि मुलीची तक्रार ऐकायला शाळेतच कुणीतरी नेमलेलं असावं. आणि जिथे मुलीला दाद मागता येत नाही, शिकवणाऱ्या बाईला न्याय मागता येत नाही, तिथल्या गुणांवर सरकारी शाळेनं आपला शिक्का मारू नये.

तुमच्या वस्तीत, तुमच्या शाळांत बाहेरचे वर्ग, शिबिरं, संस्कारकेंद्रं येत असतील. या खेपेला गावी परत गेल्यावर तिथे तीन गोष्टी विचारून बघा: शिकवणारं माणूस कुणाला उत्तरदायी आहे, मुलीनं तक्रार कुठे करायची, आणि अर्जावर सही कुणाची. मिळालेली उत्तरं पुढच्या बैठकीला लिहून आणा. त्यावर आपण सविस्तर बोलू.